साल पाहून झाड ओळखता येईल?

दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाचे भारे सर्रास विकले जातात. दोन्हींच्या पानांना दोन पाळ्या असतात, पण आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. नीट पाहिले तर फरक कळतो. पण पानच हाती नसेल तर?

अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी सीतेच्या अशोकाची साल लागते. हे झाड चिंचेच्या कुळातले. कुंपणाला रांगेने उभा असतो तो उंच, सरळसोट अशोक सीताफळाच्या कुळातला. दोघांचे नाते नावापुरतेच. तरी त्याची साल खऱ्या अशोकाच्या सालीत मिसळली जाते आणि भुकटी झाल्यावर अनुभवी वैद्याची नजरही थकते. अशा वेळी डीएनए कामी येतो.

डीएनएवरून जात ओळखण्याच्या या विद्येचे एक घर छत्रपती संभाजीनगरात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील डीएनए बारकोडिंग व जैवविविधता अभ्यास केंद्राला पॉल हेबर्ट यांचे नाव दिले आहे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या या प्राणिशास्त्रज्ञाने २००३ मध्ये मांडले, की डीएनएचा एक ठरावीक छोटा तुकडा वाचून जात ओळखता येईल. या केंद्रातील डॉ. गुलाब खेडकर आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने नर्मदेतील माशांचे बारकोड तयार केले. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मासा जसा ओळखता येतो, तसे झाड मात्र सहज ओळखता येत नाही. प्राण्यांमध्ये वापरला जाणारा तुकडा तंतुकणिकेतला. वनस्पतींत तो इतका संथ बदलतो की जवळच्या जाती त्यात सारख्याच दिसतात. म्हणून २००९ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हरितलवकातील दोन जनुके निवडली, आरबीसीएल आणि मॅटके. चाचणीत दोन्ही मिळून ७२ टक्के जाती वेगळ्या ओळखता आल्या. उरलेल्यांचे फक्त जवळच्या जातींचे गट कळले. विलो आणि ओक यांच्या जातींचा आपसात संकर होतो, त्यामुळे तिथे ही जोडी अनेकदा हरते. मग केंद्रकातील आयटीएस हा भाग मदतीला घेतात.

प्रयोगशाळेतले खरे कष्ट त्याआधीचे. कोवळे पान सिलिका जेलमध्ये झटपट वाळवले की डीएनए चांगला मिळतो. सालीत टॅनिन आणि चिकट शर्करा भरपूर. त्या सीटॅब या रसायनाने बाजूला केल्याशिवाय पीसीआर यंत्रात डीएनएच्या प्रती निघत नाहीत. जुन्या सालीत डीएनए तुटलेला असतो, तेव्हा आखूड तुकड्यावरच भिस्त ठेवावी लागते. उकळून, आंबवून अरिष्ट तयार झाल्यावर तर डीएनए फारसा उरतच नाही. म्हणून तपासणी कच्च्या मालाचीच व्हायला हवी, कारखान्याच्या दारातच.

वाचलेला क्रम शेवटी कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. संग्रहातल्या मूळ नमुन्यावरचे नाव चुकले असेल तर यंत्र तीच चूक बिनचूक सांगत राहील. प्रा. वसंत नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ मध्ये सिद्ध केला. नाव ठरते ते अशा कामातून: फुले-फळे असलेली फांदी, ठिकाण, तारीख, दाबून वाळवलेला नमुना. माझ्या मते डीएनएची पट्टी, म्हणजे बारकोड, या परंपरेची जागा घेऊ शकत नाही. परंपरेच्याच आधाराने ती उभी राहते.

आज जनुकशास्त्राकडे विद्यार्थ्यांचा ओढा आहे आणि वर्गीकरणाकडे पाठ फिरते आहे, हे मला घातक वाटते. गौताळ्याच्या जंगलात जाऊन झाड नावानिशी ओळखणारा माणूसच उरला नाही, तर पट्टीवर नाव कोण लिहिणार? वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, डीएनएसाठी पान तोडाल तेव्हा त्याच झाडाची फुलोऱ्यासह एक फांदी दाबून ठेवा आणि तिचा क्रमांक डीएनएच्या नोंदीत लिहा.