कूळकायदा आणि देवराज अरस : मोठा कायदा करणाऱ्याला लोकांची साथ किती काळ मिळते?

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी शेताचे जुने उतारे जपून ठेवलेले असतील. त्यांवर 1970 च्या दशकातील भू-न्यायमंडळाच्या निकालाची नोंद असेल, तर ती मुख्यमंत्री देवराज अरस यांच्या कूळकायद्याची खूण आहे. या कायद्याने लाखो कुळे मालक झाली. तरीही कायदा अमलात आल्यावर सहा वर्षांच्या आत अरस यांची सत्ता गेली. असे का झाले, ते या लेखात थोडक्यात पाहू.

आपल्या भागात कुळांना न्याय उशिरा मिळाला. 1956 पर्यंत बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख मुंबई राज्यात होता आणि येथे 1948 चा मुंबई कूळकायदा लागू होता. त्या कायद्यातील दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक समजले जाणार होते. मात्र 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो आणि त्या सरकारने या तरतुदीला आपल्याकडे स्थगिती दिली. त्यामुळे सीमेपलीकडे कागलच्या कुळाला जो हक्क 1957 साली मिळाला, त्यासाठी निपाणीच्या कुळाला 1974 पर्यंत थांबावे लागले. मधल्या 17 वर्षांत खंड देणे चालूच राहिले.

अरस 1972 साली मुख्यमंत्री झाले. 1961 च्या जमीन सुधारणा कायद्यात पळवाटा फार होत्या, त्या बुजवणारी दुरुस्ती त्यांनी आणली. ती सोपी नव्हती. मोठ्या जमिनी बाळगणाऱ्या समाजांचा विधानसभेत दबदबा होता आणि सत्ताधारी पक्षही त्याला अपवाद नव्हता. तरी दुरुस्ती मंजूर झाली आणि 1 मार्च 1974 पासून अमलात आली. कुळाच्या ताब्यातील जमीन सरकारजमा झाली. कुळाने ‘फॉर्म नंबर सात’ भरून तालुक्याच्या भू-न्यायमंडळाकडे मालकी मागायची होती. या मंडळावर महसूल अधिकाऱ्याबरोबर सरकारने नेमलेले स्थानिक सदस्यही असत. सुरुवातीला तेथे वकिलांना उभे राहता येत नसे, त्यामुळे अडाणी कुळालाही स्वतःचे म्हणणे मांडता आले. कमाल धारणेची मर्यादा उत्तम बागायतीसाठी 10 एकर, तर कोरडवाहूसाठी 54 एकर ठरली. राज्यभरातून आठ लाखांच्या आसपास अर्ज आले आणि पुढे त्यांतील निम्म्याहून अधिक कुळांच्या बाजूने निकाल लागले.

सुरुवातीला अरस यांना याचा लाभ झाला. 1977 साली उत्तर भारतात काँग्रेसची वाताहत झाली, पण कर्नाटकात लोकसभेच्या 28 पैकी 26 जागा तिला मिळाल्या. 1978 च्या विधानसभेत 224 पैकी 149 जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या. पुढच्याच वर्षी अरस आणि इंदिरा गांधी यांचे बिनसले आणि अरस वेगळे झाले. जानेवारी 1980 च्या लोकसभा निवडणुकीत कर्नाटकातील 28 पैकी 27 जागा इंदिरा काँग्रेसने घेतल्या. अरस यांच्या पक्षाला एकही मिळाली नाही. आमदार पांगले आणि मुख्यमंत्रिपद गेले. 1982 साली त्यांचे निधन झाले.

आमच्या मते याची कारणे तीन. पहिले, श्रेय वाटले गेले. कायदा अरस यांचा असला, तरी खेड्यातल्या मतदाराला ओळखीचे नाव इंदिराबाईंचे होते. 1975 च्या वीस कलमी कार्यक्रमातही जमीन सुधारणा होतीच. दुसरे, ज्याची जमीन गेली तो विसरत नाही. त्यात केवळ मोठे जमीनदार नव्हते. नोकरीसाठी परगावी गेलेले लहान मालक, खंडावर गुजराण करणाऱ्या विधवा हेही होते. आपल्या मंडळातही दोन्ही बाजूंची घरे आहेत आणि दोघांच्या आठवणी खऱ्या आहेत.

तिसरे कारण आम्हा बँकवाल्यांना जवळून दिसले. 1980 च्या दशकात आम्ही नोकरीला लागलो, तेव्हा कालची कुळे आमच्याकडे कर्ज मागायला येत. मिळालेली जमीन काही वर्षे विकता येत नसे, पण वित्तसंस्थेकडे तारण ठेवता येई. विहीर, पंप, बैलजोडी यांसाठी ते अर्ज करत. जमीन आता त्यांचीच होती, ती कोणी दिली याची चर्चा क्वचितच होई. चर्चा असे ती पाण्याची, हप्त्याची आणि भावाची. 1981 साली निपाणीत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रस्त्यावर उतरले, ते भावासाठीच. कुळाचा मालक झाला की त्याचे प्रश्न मालकाचे होतात. मागचा प्रश्न सोडवणाऱ्यापेक्षा आजचा प्रश्न हाती घेणारा त्याला जवळचा वाटतो.

संयुक्त महाराष्ट्र समितीचेही असेच झाले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला, समिती फुटली आणि 1962 च्या निवडणुकीत 264 पैकी 215 जागा काँग्रेसला मिळाल्या. आपल्या सीमाभागाची मागणी मात्र अपुरीच राहिली. म्हणूनच इकडे समितीचे उमेदवार पुढेही अनेक वर्षे निवडून येत राहिले.

अरस यांच्या कायद्यातील काही कलमे 2020 साली बदलली. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावरचे निर्बंध त्या वेळी उठले. पण कुळांना मिळालेली मालकी कायम आहे. घरातील जुने निकालपत्र सापडले, तर त्याची प्रत काढून उताऱ्यासोबत ठेवावी आणि ती जमीन घरात कशी आली, हे मुलांना सांगावे.