शेतकऱ्याच्या घरची फणीकरंड्याची पेटी

तूर व हरभरा घरीं आला कीं, मेहकर तालुक्यांतील जानेफळच्या बाजूस कोरडवाहू शेतकऱ्यास मृगापर्यंत बराच वेळ मोकळा सांपडतो. नांगरट, धसकटें वेंचणें हीं कामें सकाळीं उरकतात. दुपार मात्र ओसरीवरच जाते. ह्या दुपारीं हातास गोडी लावील असें एक काम आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तें म्हणजे नक्षीची लहानशी लांकडी पेटी करणें. नमुना शोधावयास दूर जावयास नको. झांकणाच्या आंत आरसा, खालीं कुंकवाचा करंडा, मेणाची डबी व फणी ह्यांचे कप्पे, अशी आजीची फणीकरंड्याची पेटी पुष्कळांच्या फडताळांत अजून असेल.

लांकूड सागाचें उत्तम. शिसव दिसावयास सुंदर, पण हत्यारांची धार लवकर घालवितो. बांधावरील साग पाहून कोणी कुऱ्हाड उचलील, तर त्यास सांगणें बरें कीं, १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणें साग, आंबा, चिंच, मोह हीं झाडें स्वतःच्या शेतांतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. त्यापेक्षां पडक्या माडीची तुळई किंवा मोडकें दार घ्यावें. तें वर्षानुवर्षें वाळलेलें असतें. ओल्या फळीस इंचभर जाडीमागें सुमारें एक वर्ष सावलींत वाळवावें लागतें. फळीचें वजन दर आठवड्यास करीत जावें. तें उतरावयाचें थांबलें म्हणजे फळी वाळली.

आमची पहिली पेटी आम्ही भाद्रपदांत केली आणि तळाची फळी चारी बाजूंनीं सरस लावून, वर चुका मारून पक्की बसविली. चैत्रांत एके रात्रीं मोठा आवाज झाला व तळ मधोमध फाटला. दोष आमच्या घाईचा होता. लांकूड रेषांच्या लांबीकडे जवळजवळ हलत नाहीं, परंतु रुंदीकडे पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. तें जखडून ठेविलें तर फाटणारच. म्हणून तळ व झांकण ह्यांच्या पातळ फळ्या चौकटीच्या खोबणींत सुट्या बसवाव्यात, सरस मुळींच लावूं नये, व रुंदीकडे दोन्ही अंगांस अर्धें अर्धें सूत जागा सोडावी. जुन्या दारांचे दिले असेच बसविलेले असतात, हें आम्हांस पेटी फाटल्यावर आठवलें!

दहा इंच लांब, सहा रुंद व चार उंच असें माप धरावें. बाजूंच्या फळ्या अर्धा इंच जाड. आडव्या कापलेल्या तोंडांवर सरस नीट धरीत नाहीं, म्हणून कोपऱ्यांत पारव्याच्या शेपटीसारखे, मुळाशीं अरुंद व टोंकाशीं रुंद, दांत पाडावे. त्यांचा उतार मऊ लांकडांत सहास एक व कठीण लांकडांत आठास एक ठेवावा. गुण्या व खतावणी ह्यांनीं रेघा मारल्यावर करवत रेघेच्या टाकाऊ बाजूस चालवावी. उरलेलें पटाशीनें काढावें.

झांकण वेगळें करूं नये. सहाही बाजूंनीं बंद पेटी जोडून सरस वाळूं द्यावा, मग वरून सव्वा इंचावर चौफेर रेघ मारून करवतीनें झांकण कापून काढावें. असें केल्यानें रेषा वरखालीं जुळतात व झांकण हमखास बसतें. कापाच्या ठिकाणीं येणारा दांत मात्र आधींच थोडा रुंद ठेवावा, नाहीं तर करवतीनें त्याची जाडी जाते.

नक्षी झांकणाच्या फळीवर जोडणीपूर्वींच किकऱ्यानें कोरावी. कमळापेक्षां साधी वेलबुट्टी नवशिक्यास सोपी. बाहेरून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊं नये. आंत तेल लावूं नये, बंद पेटींत त्याचा वास महिनेच्या महिने राहतो. तेथें स्पिरिटांत विरघळविलेली चपडी लाख बरी. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कडब्याजवळ टाकूं नये; हें तेल वाळतांना ऊब धरतें व बोळा आपोआप पेटतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या, अथवा पाण्यांत भिजवून ठेवाव्या.