ई-मेल की सामाईक फळा?

एकत्र काम करण्यासाठी ई-मेल पुरे, की स्लॅक किंवा टीम्ससारखी सहकार्य-प्रणाली घ्यावी, हा प्रश्न आता कार्यालयांप्रमाणे शाळांनाही पडतो. उत्तर शोधण्याआधी दोन्हींचे काम कसे चालते ते पाहू.

ई-मेल टपालासारखी चालते. आपला सर्व्हर पत्र घेणाऱ्याच्या सर्व्हरकडे पोचवतो. दोन्ही सर्व्हर वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी अडत नाही. कारण पत्र कसे सोपवायचे याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२ साली प्रसिद्ध झाले आणि ते सर्वांना खुले आहेत.

पण टपालात प्रत्येकाला वेगळी प्रत मिळते. समजा, सहा शिक्षक मिळून प्रश्नपत्रिका तयार करत आहेत. प्रत्येकाने आपली दुरुस्त फाईल उरलेल्या पाच जणांना पाठवली, तर ६ × ५ = ३० प्रती फिरू लागतात. त्यांतली अखेरची कोणती?

सहकार्य-प्रणाली स्टाफरूममधल्या फळ्यासारखी असते. प्रश्नपत्रिकेची प्रत एकच, तीही एका सर्व्हरवर. सहाही जण तिथेच दुरुस्ती करतात. गोंधळ टळतो. मात्र खाते नसलेल्याला सहसा आत येता येत नाही, आणि फळा ज्याच्या भिंतीवर, नियमही त्याचेच. गूगलने २००९ मध्ये ‘वेव्ह’ नावाची अशी प्रणाली जाहीर केली आणि २०१२ मध्ये ती बंद केली. ज्यांनी मुदतीत आपला मजकूर उतरवून घेतला नाही, त्यांचा तिथला मजकूर गेला. ई-मेल पुरवणारी कंपनीही बंद पडू शकते. पण तेव्हा पाठवलेली पत्रे घेणाऱ्यांकडे उरतात आणि दुसऱ्या कंपनीमार्फत पत्रव्यवहार चालू ठेवता येतो.

म्हणून निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मजकूर पुन्हा पुन्हा बदलणार आहे का? वाचणारे संस्थेबाहेरचे आहेत का? पाच वर्षांनी तो पुरावा म्हणून लागेल का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर फळा बरा; दुसऱ्या-तिसऱ्याचे ‘हो’ असेल तर टपाल. प्रश्नपत्रिका फळ्यावर घडवावी आणि पक्की झालेली प्रत आपल्या संगणकावरही उतरवून ठेवावी.

हा फरक वर्गात सहज दाखवता येईल. सहा मुलांना एकच परिच्छेद वेगवेगळ्या कागदांवर सुधारायला द्या, मग तोच फळ्यावर मिळून सुधारायला सांगा. शेवटी फळा पुसा आणि विचारा : आता कोणाकडे काय उरले?