मे महिन्याचे ऊन आणि विवाहाचे छायाचित्र

ईस्टरनंतर आपल्या धर्मग्रामांत विवाहांची लगबग सुरू होते. उपवासकाळात विवाह सहसा ठरवले जात नाहीत. त्यामुळे एप्रिल व मे हे महिने भरून जातात. शाळांना सुटी असते, पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली मुले गावी येतात आणि कित्येक वर्षांनी सारे कुटुंब एका ओळीत उभे राहते. त्या ओळीचे छायाचित्र हा घराचा ठेवा असतो. परंतु परभणी जिल्ह्यातील मे महिन्याचे ऊन हा ठेवा अनेकदा हिरावून घेते. वधूचा पांढरा पोशाख झगमगतो आणि चेहरे, विशेषतः सावळे चेहरे, काळवंडून जातात. असे का होते व त्यावर उपाय काय, हे आपण पाहू.

धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम १११८ नुसार कॅथोलिक वधू-वरांचा विवाह धर्मग्रामाच्या चर्चमध्ये साजरा व्हावा, असा नियम आहे. अन्य योग्य स्थळासाठी स्थानिक धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यामुळे मुख्य विधी छताखाली होतो. अभिनंदन, सामूहिक छायाचित्रे आणि जेवणाच्या पंगती मात्र अंगणात किंवा मांडवात होतात. खरी अडचण चर्चच्या दाराबाहेर पाऊल टाकताच सुरू होते.

माथ्यावरचा सूर्य

परभणी शहर सुमारे १९.३ उत्तर अक्षांशावर वसले आहे. म्हणून १७-१८ मेच्या सुमारास दुपारी सूर्य तेथे बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावरून ठरते व परभणी त्याच्या पश्चिमेस आहे. त्यामुळे हा क्षण घड्याळात १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास येतो. दहाची मिस्सा आटोपून वधू-वर बाहेर येतात, ते याच प्रखर उन्हात. वरून पडणारा प्रकाश कपाळ व नाक उजळतो, डोळे मात्र भुवयांच्या सावलीत बुडतात. फिकट फरशी थोडा प्रकाश खालून परत देते. आपली काळी कसदार जमीन तो गिळून टाकते. डिसेंबरच्या अखेरीस हाच सूर्य दुपारीसुद्धा ४७ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून नाताळातील विवाहांची छायाचित्रे अधिक सौम्य येतात.

त्यात कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाची भर पडते. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे, असे तो धरून चालतो. पांढरा पोशाख मोठा दिसला की तो प्रकाश कमी करतो आणि चेहरे अंधारतात. म्हणून प्रकाश चेहऱ्यावर मोजावा. भर उन्हात पांढरे वस्त्र आणि सावळा चेहरा या दोहोंचा तपशील एकाच वेळी टिकवणे कॅमेऱ्याला जड जाते; सावलीत ते पुष्कळ सोपे होते.

सावली कोठे शोधावी?

भरदुपारी भिंतीलाही सावली नसते. अशा वेळी चर्चचा पोर्च किंवा व्हरांडा हे उत्तम स्थान होय. छत वरचे ऊन अडवते आणि मोकळ्या बाजूने येणारा मऊ प्रकाश चेहऱ्यांवर पडतो. सर्वांनी कडेच्या थोडे आत, मोकळ्या बाजूकडे तोंड करून उभे राहावे. समोर जमिनीवर पांढरी चादर अंथरली तर डोळ्यांखालच्या सावल्याही हलक्या होतात. कडुनिंबाखाली जाताना मात्र जपावे. विरळ पानांतून उतरणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर डागांसारखे दिसतात.

मांडवाचे कापड हीदेखील महत्त्वाची बाब आहे. लाल, केशरी वा हिरव्या कापडातून गाळून आलेला प्रकाश वधूच्या पोशाखाला आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यांना तोच रंग चढवतो. नंतर संगणकावर तो पूर्णपणे काढणे अवघड असते. निदान व्यासपीठावर तरी पांढरे कापड लावण्यास मांडववाल्यास आधीच सांगावे.

मेच्या मध्यास परभणीत सूर्यास्त ६ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास होतो. त्यापूर्वीचा तास सामूहिक छायाचित्रांसाठी सर्वांत चांगला. सूर्य पाठीमागे ठेवून समोरून फ्लॅशचा हलका उजेड द्यावा. वळिवाचे ढग आले तर प्रकाश मऊ होतो, पण वारा-पाऊस थांबत नाही. म्हणून आजी-आजोबांसह घेण्याची छायाचित्रे प्रथम उरकावीत.

चर्चमधील छायाचित्रणाबाबत २५ मे १९६७ च्या ‘युखारिस्टिकुम मिस्टेरियुम’ या सूचनापत्राच्या २३ व्या परिच्छेदात सांगितले आहे, की छायाचित्रणामुळे उपासनेत व्यत्यय येऊ नये आणि ते संयमाने व स्थानिक नियमांनुसार व्हावे. छायाचित्रकाराने कोठे उभे राहावे व फ्लॅश केव्हा टाळावा, हे धर्मगुरूंना आधी विचारून घ्यावे.

विवाहाची वेळ ठरवतानाच कुटुंबाने, धर्मगुरूंनी आणि छायाचित्रकाराने एकत्र बसून सामूहिक छायाचित्राची वेळ, सावलीची जागा व मांडवाचे कापड या तीन गोष्टी निश्चित कराव्यात. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. वृद्धांना उन्हात ताटकळावे लागणार नाही आणि उद्या नातवंडे अल्बम उघडतील, तेव्हा त्यांना आजीचे डोळे दिसतील.