माळ्यावरची पुस्तके कोणाच्या कामाची?

मुलीचे बी.एस्सी. पूर्ण होते, मुलाची इंजिनिअरिंगची चार वर्षे सरतात आणि घरात जाडजूड पुस्तकांचा ढीग उरतो. डहाणूसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांतच त्यांना कसर लागते. रद्दीवाला किलोचा भाव सांगतो, पण मन तयार होत नाही. मग घरात कोणीतरी म्हणते, "परदेशातल्या एखाद्या गरीब विद्यापीठाला पाठवली तर?"

नियत चांगलीच आहे. ज्याचा लोकांना लाभ होतो ते इल्म माणसाच्या मागेही सवाब देत राहते, म्हणून पुस्तक देणे ही आपल्याकडे सदका-ए-जारिया मानली जाते. पण पुस्तक पोहोचणे वेगळे आणि ते कोणी उघडून वाचणे वेगळे.

इराकमधल्या मोसुल विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. 2014 मध्ये शहर आयसिसच्या ताब्यात गेले आणि त्या काळात विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय जळाले. 2017 मध्ये मोसुलचे इतिहासकार ओमर मोहम्मद यांनी जगभरच्या लोकांना पुस्तके पाठवण्याची हाक दिली. अनेक देशांतून पुस्तके आली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये ग्रंथालय पुन्हा उघडले. तिथे मागणी घेणाऱ्याकडून आली होती, म्हणून देणाऱ्यांची पुस्तके कारणी लागली.

मोसुलला पुस्तके पाठवणाऱ्यांत ब्रिटनमधली 'बुक एड इंटरनॅशनल' ही संस्थाही होती. 1954 मध्ये तिचे काम सुरू झाले ते लोकांनी दिलेल्या जुन्या पुस्तकांवर. आज मात्र ती प्रकाशकांकडून मिळालेली नवी पुस्तकेच पाठवते. कारण समजण्यासारखे आहे. दहा वर्षांपूर्वीचे संगणकाचे किंवा औषधशास्त्राचे पुस्तक आपल्या मुलाला चालत नाही, तसे ते परक्या मुलालाही चालत नाही. नियतकालिकांचेही तसेच. मोठी संशोधनपत्रे आता संगणकावर मिळतात. मधलेच चार अंक पाठवले तर ग्रंथपालासमोर ते ठेवायचे कुठे हा प्रश्न उभा राहतो.

म्हणून आधी ढिगाचे दोन भाग करावेत.

पहिला भाग पाठ्यपुस्तकांचा. ती अभ्यासक्रमाशी बांधलेली असतात, त्यामुळे त्यांची खरी किंमत जवळच असते. तलासरीला कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय आहे, बोर्डीला एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. या भागात शिकणारी कितीतरी आदिवासी मुले घरातली पहिलीच महाविद्यालयात जाणारी असतात. सातशे-आठशे रुपयांचे संदर्भपुस्तक विकत घेणे त्यांना जड जाते. ग्रंथपालांना यादी दाखवून विचारावे. नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नये, शेजारपाजारच्या विद्यार्थ्याला द्यावे. दूरच्या गावी पाठवायचे असेल तर टपाल खात्याने 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केले आहे. सुरुवातीच्या दरांप्रमाणे 300 ग्रॅमला 20 रुपये आणि 5 किलोला 100 रुपये, कर वेगळा. ही सोय देशातल्या देशातच आहे.

दुसरा भाग आपण सहसा आधी रद्दीत टाकतो. जुनी मासिके, दिवाळी अंक, ईदचे विशेषांक, जमातीच्या स्मरणिका, संमेलनांची पुस्तके. परदेशी विद्यापीठांना भारतातून जर काही हवे असेल, तर ते बहुधा यातलेच. 1962 पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतले कार्यालय तिथल्या विद्यापीठांसाठी भारतीय भाषांतली पुस्तके आणि नियतकालिके खरेदी करू लागले. पैसा आला तो भारताला विकलेल्या अमेरिकन गव्हाच्या रुपयांतून. त्यामुळे शिकागोसारख्या विद्यापीठात मराठी आणि उर्दू छापील साहित्य जमा झाले. पण छोट्या गावची मासिके आणि स्मरणिका अशा खरेदीतून सहज सुटतात. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्या पिढीचे लेखन आणि अंक आज कितीतरी घरांत फक्त माळ्यावर असतील. मराठी मुसलमान कसा जगला, काय वाचत होता, हे उद्या कोणाला लिहायचे असेल तर हाच कागद लागेल.

असे काही घरात असेल तर अंकांची यादी करावी: नाव, महिना, वर्ष, पाने फाटली आहेत का. यादी आधी आपल्या इथल्या विद्यापीठाला किंवा जुन्या ग्रंथालयाला दाखवावी. मूळ अंक इथेच राहिले तर आपल्या मुलांनाही पाहता येतील. त्यानंतर परदेशी ग्रंथालयाला लिहावे. त्यांचा लेखी होकार येईपर्यंत खोके बांधू नये. टपालखर्च कोण देणार तेही आधीच ठरवावे, कारण तो पुस्तकांच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. पाठवताना कस्टमचे घोषणापत्र भरावे लागते.

एक खबरदारी मात्र घ्यायलाच हवी. आजोबांच्या पेटीत हस्तलिखित कुरआन किंवा जुनी हस्तलिखित बाडे असतील तर ती परदेशी पाठवू नयेत. 75 वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखिते 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

या सुटीत माळा उतरवाल तेव्हा रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एक वही घेऊन बसा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत घ्या. कोणता अंक कुठून आला, कोणी आणला, हे त्यांनाच माहीत असते.