510 पराभवांनंतर कोण?

1988 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतलं कॅन्सस स्टेट विद्यापीठ आपल्या फुटबॉल संघासाठी नवा मुख्य प्रशिक्षक शोधत होतं. या जागेसाठी उमेदवारांनी रांग लावावी असं तिथे काहीच नव्हतं. 93 वर्षांत संघाच्या नावावर 299 विजय, 510 पराभव आणि 41 बरोबरी जमा होती. वरच्या श्रेणीत पाचशे पराभवांचा आकडा गाठणारा हा देशातला पहिला संघ. गटाचं विजेतेपद एकदाच मिळालेलं, 1934 मध्ये. हंगामानंतरच्या मानाच्या ‘बोल’ सामन्याचं निमंत्रणही एकदाच, 1982 मध्ये, आणि तिथेही विस्कॉन्सिनने हरवलेलं. मावळते प्रशिक्षक स्टॅन पॅरिश यांच्या तीन हंगामांत 2 विजय आणि 30 पराभव. सलग 27 सामने विजयाविना गेले होते. त्यातला एक तेवढा बरोबरीत सुटला, तोही तितक्याच गलितगात्र कॅन्सस विद्यापीठाशी.

विद्यापीठाचं मॅनहॅटन नावाचं छोटं गाव न्यूयॉर्कपासून फार दूर, गव्हाच्या शेतांच्या आणि गुरांच्या कुरणांच्या मुलखात आहे. विद्यापीठ 1863 चं. शेतीच्या आणि पशुवैद्यकाच्या शिक्षणासाठी नावाजलेलं. अशा संस्थेला खेळातल्या हारजितीचं एवढं काय, असं आपल्याला वाटेल. पण अमेरिकेत शरद ऋतूतले शनिवार कॉलेज फुटबॉलचे असतात. हेल्मेट, खांद्यांवर चिलखत आणि लंबगोल चेंडू असलेला हा खेळ विद्यापीठाचा जाहीर चेहरा असतो. तिकिटं, दूरचित्रवाणीचा पैसा, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या या सगळ्याचं सूत त्यात गुंतलेलं. कितीतरी राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. कॅन्सस स्टेट तेव्हा नेब्रास्का, ओक्लाहोमा अशा दिग्गजांच्या ‘बिग एट’ गटात होतं. जॉन वेफाल्ड 1986 मध्ये अध्यक्ष होऊन आले तेव्हा विद्यार्थिसंख्या घसरलेली होती आणि या गटातलं स्थान जाईल अशी भीती होती. ते गेलं असतं तर पैसा आणि पत दोन्ही गेली असती.

प्रशिक्षक निवडण्याचं काम वरून दिसतं त्यापेक्षा फार घाईचं आणि फार गुपचूप चालतं. नोव्हेंबरअखेर हंगाम संपतो, आणि लगेच शाळकरी खेळाडूंच्या भरतीचे दिवस येतात. प्रशिक्षक नसेल तर हाती आलेली मुलं दुसरीकडे जातात. त्यामुळे निर्णयाला आठवडे मिळत नाहीत, दिवस मिळतात. क्रीडा संचालकाच्या खणात नावांची यादी आधीपासून तयार असते. उमेदवार बहुधा दुसऱ्या संघाशी करारबद्ध असतो, म्हणून तो उघडपणे अर्ज करत नाही. आजकाल बोलणी खासगी शोधसंस्थांमार्फत होतात. स्थळ बघताना दोन्ही घरं परस्पर चौकशा करतात आणि बाहेर मात्र ‘तसं काही नाही’ म्हणतात, तसलाच हा मामला. त्यात एजंट मंडळी एका विद्यापीठाचा होकार दाखवून दुसरीकडे पगार वाढवून घेतात. देणगीदारांचे फोन सुरू असतात ते वेगळेच. निवड चुकली तर करार मोडण्याची किंमत भरावी लागते. 2023 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा देणं निघालं साडेसात कोटी डॉलरहून अधिक.

कॅन्सस स्टेटचे क्रीडा संचालक स्टीव्ह मिलर यांची नजर आयोवा विद्यापीठावर गेली. तिथे हेडन फ्राय या नामवंत प्रशिक्षकाच्या हाताखाली बिल स्नायडर 1979 पासून आक्रमणाची बाजू सांभाळत होते. वय 49, स्वभाव मितभाषी. कॉलेज फुटबॉलचा संघ मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी कधी चालवलेला नव्हता. नामवंत माणूस या जागेवर येणार नव्हताच. स्नायडरांनी मात्र विद्यापीठाचीच परीक्षा घेतली: इथली माणसं कशी आहेत, पैसा किती लावणार, धीर किती धरणार. माणसांमुळेच आपण आलो, असं ते पुढे कायम सांगत राहिले. रुजू होतानाच त्यांनी जाहीर केलं की कॉलेज फुटबॉलमधलं सर्वांत मोठं परिवर्तन घडवण्याची संधी इथे आहे. त्या वेळी ते ऐकायला धाडसाचंच वाटलं असणार.

पहिल्या हंगामात, 1989 मध्ये, 1 विजय आणि 10 पराभव. तो एक विजय 30 सप्टेंबरला नॉर्थ टेक्सासविरुद्ध, अगदी शेवटच्या चालीत मिळाला आणि 30 सामन्यांचा दुष्काळ संपला. पुढच्या वर्षी 5 विजय, मग 7, मग 1992 मध्ये पुन्हा 5. आजच्या मोजपट्टीने पाहिलं तर चौथ्या वर्षी मागे सरकलेल्या प्रशिक्षकाची खुर्ची हलली असती. कॅन्सस स्टेटने ती हलू दिली नाही. 1993 मध्ये 9 विजय आले आणि तिथून सलग 11 वर्षं संघ बोल सामन्यांत खेळला.

यात जादू नव्हती. स्नायडर मध्यरात्रीपर्यंत ऑफिसात बसत आणि दिवसातून एकदाच जेवत. खेळाडूंसाठी त्यांनी 16 उद्दिष्टं लिहून दिली. त्यांत विजयापेक्षा शिस्त आणि चिकाटीच जास्त सापडते. बड्या विद्यापीठांकडे जाणारी मुलं इथे येणार नाहीत हे ओळखून त्यांनी दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून खेळाडू उचलले. गटाबाहेरचे सामने मुद्दाम दुबळ्या संघांशी ठेवले. त्यावरून टीकाही भरपूर झाली, पण हरण्याचीच सवय लागलेल्या मुलांना आधी जिंकण्याची चव लागली. साहाय्यक निवडण्यातही त्यांची नजर तेज होती. त्यांनी निवडलेल्या बॉब स्टूप्स यांनी पुढे ओक्लाहोमाला 2000 च्या हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. 1998 मध्ये कॅन्सस स्टेटने नेब्रास्काला 30 वर्षांनी हरवलं आणि त्याच वर्षी प्रशिक्षकांच्या मतांवर ठरणाऱ्या क्रमवारीत देशात पहिलं स्थान गाठलं. 2003 मध्ये ओक्लाहोमाला 35-7 असं लोळवून गटाचं विजेतेपद आणलं.

2005 च्या हंगामानंतर स्नायडर निवृत्त झाले, स्टेडियमला त्यांच्या कुटुंबाचं नाव मिळालं आणि विद्यापीठापुढे जुनाच प्रश्न नव्याने आला. व्हर्जिनियाहून आणलेले रॉन प्रिन्स तरुण होते, मूळचे कॅन्ससचे होते. टेक्सासला त्यांनी दोनदा हरवलंही. पण तीन वर्षांत 17 विजय आणि 20 पराभव झाल्यावर त्यांना जावं लागलं. नंतर उघड झालं की क्रीडा संचालक बॉब क्राउस यांनी त्यांच्याशी 32 लाख डॉलरचा गुप्त करार केला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2011 मध्ये तडजोड होऊन मिटलं. प्रिन्स यांची निवड चुकली की नाही, यावर वाद घालता येईल. पण निवडणाऱ्यांच्या कारभाराला शिस्त उरली नव्हती, यावर वाद नाही. विद्यापीठाने सत्तरीला टेकलेल्या स्नायडरांनाच परत बोलावलं. त्यांनी 2012 मध्ये पुन्हा गट जिंकून दाखवला आणि 2018 मध्ये 215 विजयांवर थांबले.

आपल्यानंतर मुलगा शॉन यावा अशी त्यांची इच्छा होती. क्रीडा संचालक जीन टेलर यांनी ती बाजूला ठेवून नॉर्थ डकोटा स्टेटचे क्रिस क्लीमन आणले. खालच्या श्रेणीत चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला हा माणूस वरच्या श्रेणीत टिकेल का, अशी कुरकुर झाली. पण टेलर स्वतः नॉर्थ डकोटा स्टेटमध्ये संचालक होते आणि क्लीमन यांचं काम त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. 2022 मध्ये कॅन्सस स्टेट पुन्हा गटविजेतं ठरलं.

स्नायडरांना मिळाला तेवढा वेळ आता कुणालाच मिळत नाही, कारण खेळाडू दर वर्षी संघ बदलू शकतात आणि त्यांना पैसेही मिळतात. पराभवांच्या यादीत वर्षानुवर्षं वरच्या नंबरावर असलेल्या इंडियाना विद्यापीठाने 2023 अखेर जेम्स मॅडिसन विद्यापीठातून 62 वर्षांचे कर्ट सिग्नेटी आणले. सोबत त्यांचे जुने खेळाडूही आले. आदल्या वर्षी 3 सामने जिंकलेल्या संघाने 2024 मध्ये 11 जिंकले आणि 2025 च्या हंगामात एकही सामना न हरता थेट राष्ट्रीय विजेतेपद. हे पाहिल्यावर दुसऱ्या प्रत्येक विद्यापीठातला देणगीदार विचारणार, आपल्याला दोन वर्षं तरी कशाला हवीत?

पण इंडियानाची गोष्टसुद्धा केवळ वेगाची नाही. तिथेही आधीच्या प्रशिक्षकाचे दीड कोटीहून अधिक डॉलर चुकते करून विद्यापीठाने नव्या माणसामागे पैसा उभा केला. स्नायडर, क्लीमन आणि सिग्नेटी या तिघांच्या नेमणुका टाळ्या मिळवण्यासाठी झाल्या नव्हत्या. त्यांचं काम आधी वर्षानुवर्षं दिसलेलं होतं आणि ते काम आपल्याकडे व्हायला काय लागेल, याचा हिशेब निवडणाऱ्यांनी केलेला होता. 2025 च्या डिसेंबरात क्लीमन निवृत्त झाल्यावर कॅन्सस स्टेटने कॉलिन क्लाइन यांना नेमलं. 2012 च्या विजेत्या संघाचे ते क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावरचे आक्रमणाचे सूत्रधार. घरचा माणूस म्हणून गावात आनंद झाला, पण नात्यावर सामने जिंकता येत नाहीत. विद्यापीठाने त्यांना मागितलेलं दिलं आणि एखादा वाईट हंगाम पचवला, तरच ही निवड बरोबर होती की नाही हे कळेल. तेवढी तयारी नसेल, तर 510 पराभवांच्या काळात ज्या संस्थेने एकामागून एक प्रशिक्षक बदलले, तिच्यात आणि आजच्या संस्थेत फरक फक्त पगाराच्या आकड्याचा उरेल.