आपल्या मापाची सायकल

आज बोलायचंय सायकलबद्दल. पोरींच्या शाळेच्या सायकलबद्दल नाही, तुमच्या सायकलबद्दल. डोक्यावर भारा घेऊन दोन-तीन किलोमीटर सहज चालणाऱ्या, तिशी-चाळिशीतल्या बाईने स्वतःसाठी घ्यायच्या पहिल्या सायकलबद्दल.

गटाच्या बैठकीत हा विषय काढला की आधी हशा पिकतो. मग कोणीतरी म्हणतं, "आता ह्या वयात?" आणि जरा वेळाने कोपऱ्यातली एक हळूच विचारते, "केवढ्याला मिळते हो?" आज आम्ही त्या कोपऱ्यातलीशी बोलणार आहोत.

साधी, बिनगिअरची लेडीज सायकल तालुक्याच्या दुकानात साधारण पाच ते सात हजारांना मिळते. गिअरची बघाल तर दहा हजारांच्या पुढे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्कं बिल मागा आणि त्यावर काय लावलंय ते वाचा. आता दुसरीकडचा हिशोब मांडा. वस्तीवरून बाजाराच्या गावाला वडापने जाऊन-येऊन तीस रुपये पडतात असं धरू. आठवड्यातून तीन खेपा म्हणजे नव्वद, आणि वर्षाचे साडेचार हजारांच्या वर. शिवाय वडाप भरल्याशिवाय हलत नाही आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की घरी काय ऐकावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे पैसे कोणत्याच वहीत मांडता येत नाहीत.

तरी गटात सायकलसाठी कर्ज मागितलं की प्रश्न येतो, "म्हैस दूध देते, शिलाई मशीन ब्लाउज देतं, सायकल काय देते?" आमचं म्हणणं असं, की सकाळचं दूध संकलन केंद्रावर वेळेत पोहोचलं नाही तर म्हशीने देऊनही उपयोग काय? तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ मध्ये साक्षरता मोहीम सुरू झाली, तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी लिहिण्या-वाचण्याबरोबर बायकांना सायकल शिकवणंही मोहिमेत घेतलं. मोहिमेतल्या बायकांना सायकलसाठी कर्ज द्या म्हणून बँकांच्या मागे त्या लागल्या. पुढे त्या जिल्ह्यात लाखभर बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, सगळ्या. दुकानांतल्या लेडीज सायकली संपल्या तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं! तेव्हा सायकल हा चैनीचा खर्च आहे की कामाचा, हे ठरवताना तुमच्या गटाने हा जिल्हा आठवावा.

कर्ज मिळालं, पैसे जमले. आता मुख्य गोष्ट. ब्लाउज शिवायला टाकताना आपण माप देतो. चप्पल पायात घालून चार पावलं चालून बघतो. सायकल मात्र नवरा नाहीतर पोरगा दुकानात जाऊन घेऊन येतो. त्याला दिसायला जी बरी वाटते ती येते. मग आठ दिवसांत बाई म्हणते, "मला नाही जमत," आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला लागते. न जमण्याचं कारण भीती असतं असं सगळे समजतात. आमच्या मते निम्म्या वेळा कारण माप असतं. टीव्हीवर त्या वाकड्या हँडलच्या, बोटभर टायरच्या रेसिंगच्या सायकली दाखवतात. त्या आपल्या कामाच्या नाहीत, पण तसल्या सायकलींच्या चांगल्या दुकानात आधी गिऱ्हाइकाची उंची आणि पायाची लांबी विचारतात, रंग नंतर. एवढी एक रीत उचलण्यासारखी आहे. दुकानात स्वतः जा. रोज जे नेसता किंवा घालता तेच अंगावर असू द्या.

उंची पाच फुटांच्या वर असेल तर २६ इंची चाकाची सायकल चालेल. त्याहून कमी असेल तर २४ इंची बघा, ती लहान पोरांची असते असं दुकानदार म्हणाला तरी. सीट खाली करून बसा. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. पाठ ताणून, हात लांबवून धरावं लागत असेल तर ती फ्रेम तुमच्यासाठी मोठी आहे. मग ब्रेकच्या दांड्यावर बोटं ठेवून दाबून बघा. आपले पंजे लहान असतात आणि ब्रेक लांब असतो. बऱ्याच सायकलींना तो जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो, तो दुकानातच फिरवून घ्या. कोणता ब्रेक पुढच्या चाकाचा आणि कोणता मागच्या, हेही तिथेच दाबून पाहून ठेवा. दांडीची जेंट्स सायकल घेत असाल, तर दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर दांडी आणि अंग यांत दोन बोटांची तरी जागा हवी.

दुकानदार जाड टायरची, पुढे-मागे शॉकअप असलेली झकपक सायकल पुढे करेल. घेऊ नका. शॉकअपने वजन वाढतं, आणि पायडलवर लावलेला जोर थोडा थोडा स्प्रिंग दाबण्यात जातो. खरबरीत जाड टायर डांबरावर घसाघसा घासत चालतं. मध्यम रुंदीचं, कमी नक्षीचं टायर आपल्या रस्त्याला पुरतं. लोखंडी फ्रेम जड असते खरी, पण तुटली तर गावातला वेल्डर जोडून देतो. गिअर घ्यायचे की नाहीत ते रस्त्यावर अवलंबून आहे. माळावरचा सपाट रस्ता असेल तर नकोत. मागे लोंबणारा गिअरचा सांगाडा सायकल पडली की वाकतो आणि गावात तो नीट करणारा नसतो. रोज चढ असेल तर मात्र जरूर घ्या. गिअर पायडल फिरत असतानाच बदलायचा आणि चढ लागण्याच्या आधी बदलायचा, चढावर दम निघाल्यावर नाही.

साडी नेसणाऱ्यांनी चेन पूर्ण झाकणारं कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी, या दोन गोष्टींशिवाय सायकल घेऊ नये. पदर कमरेला खोचायचा, निऱ्या जरा वर घ्यायच्या. ओढणी मागे गाठ मारून. सलवारीचा उजवा पाय रबराने बांधायचा, चेन त्या बाजूला असते. भक्कम कॅरियर, दोन पायांचा स्टँड, घंटी आणि मागचा लाल रिफ्लेक्टर सांगून बसवून घ्या.

नवीच घ्यायला हवी असंही नाही. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. मुलगी बारावी होऊन गेली की कितीतरी घरांत ती सायकल गंजत उभी असते. टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल दिलं की चालते. फक्त माप बघा, मुलीची उंची आणि तुमची एक नसेल.

आता शिकायचं कसं? मागून कोणीतरी कॅरियर धरून पळायचं आणि मध्येच सोडून द्यायचं, ही जुनी पद्धत लहान पोरांना ठीक आहे. मोठ्या बाईला पडण्याची धास्ती आणि हसं होण्याची लाज, दोन्ही असतात. त्यापेक्षा हे करा. दोन्ही पायडल काढून टाका. बहुधा १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पायडल नेहमीच्या नटासारखं उलटं फिरवून निघतं, डाव्याचे आटे मात्र उलटे असतात, ते सुलटं फिरवून काढायचं. हे माहीत नसल्याने पाना घेऊन जोर लावत बसतात आणि आटे बिघडवतात. सीट एकदम खाली करा. आता सायकलवर बसून जमिनीला पाय मारत चालायला लागा. आधी चालल्यासारखं, मग लांब ढांगा, मग दोन्ही पाय उचलून जितकं जाईल तितकं जाऊ द्यायचं. शाळेचं मैदान नाहीतर खळ्यासारखी टणक, किंचित उताराची जागा बघा. पाय जमिनीजवळच असल्याने पडायची वेळ फारशी येत नाही. तोल जाईल त्या बाजूला हँडल हलकेच वळवलं की सायकल आपली आपण सावरते. अंग मात्र उलट्या बाजूला ओढायला बघतं, म्हणून सुरुवातीला गोंधळ होतो. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, दहा-पंधरा पावलं पुढे ठेवा. पाय उचलून वीस-पंचवीस पावलांचं अंतर सरळ जाता आलं की पायडल परत बसवा.

शिकून झाल्यावर सीट वर करायची, आणि हे जवळजवळ कोणी करत नाही. सीट खाली ठेवून चालवत राहिलं की गुडघे दुमडलेलेच फिरतात आणि गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागतं. मग म्हणतात सायकलने गुडघे गेले. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली आणा. पाय सरळ झाला पाहिजे. प्रत्यक्ष चालवताना आपण टाचेने नाही, चवड्याने पायडल मारतो, तेव्हा गुडघ्यात जरासा बाक राहतो. तेवढाच हवा. एकदम वर करू नका, दर आठवड्याला बोटभर करत न्या. सीटच्या नळीवर खूण असते, त्याच्या वर नळी काढायची नाही.

पहिले पंधरा दिवस बसायची जागा दुखते. सगळ्यांचीच दुखते. पंधरा-वीस मिनिटं, एक दिवसाआड चालवा, जमून जातं. गुबगुबीत सीट दुकानात बरी वाटते, पण फार मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. सीट मागच्या बाजूला रुंद, बेताची कडक आणि सपाट असावी, नाक वर आलेलं नसावं. हाताला मुंग्या येत असतील तर हँडल जरा उंच करून घ्या.

आणि एक प्रश्न, जो मोठ्याने कोणी विचारत नाही. सायकलने पिशवी सरकत नाही. पाळीच्या दिवसांतही चालवायला हरकत नाही, आपल्याला बरं वाटत असेल तर. ज्यांचं अंग बाहेर येतं, नुकतंच बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. आणि अंग बाहेर येत असेल तर सायकल चालवायची असो वा नसो, दवाखान्यात जाच. अनेकजणी ते वर्षानुवर्षं पदराआड ठेवतात.

मैदानातून रस्त्यावर येताना घाई करू नका. डाव्या बाजूने चालवायचं, पण अगदी कडेला चिकटून नाही. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत चार बोटांचा उंचवटा असतो. चाक त्याला घासत चढवायला गेलात तर सायकल अंगाखालून निसटते. उतरा, उचलून ठेवा, नाहीतर बऱ्यापैकी आडवं वळून चढवा. ब्रेक दोन्ही एकदम, हळूहळू दाबायचे. पुढचा ब्रेक जास्त जोराचा असतो, एकटा करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. खडीवर आणि वाळूवर वळताना तो दाबूच नका, वळणाच्या आधीच वेग कमी करा. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागून आला तर सरळ थांबून बाजूला उभ्या राहा. पहिली ट्रॉली गेली म्हणून रस्त्यावर येऊ नका, दुसरी हेलकावे खात मागून येत असते. अंधार पडल्यावर पुढे बॅटरी आणि अंगावर फिकट रंग हवाच. मागे पोर, हँडलला पिशव्या, असं पहिला महिनाभर नको. सामान हँडलला कधीच अडकवू नका, वळताना ते हँडल ओढतं. दुधाची किटली कॅरियरला घट्ट बांधायची.

नवी सायकल कंपनीतून दुकानात सुट्या भागांत, खोक्यातून येते आणि तिथला मिस्त्री ती जोडतो. पहिले पंधरा दिवस चालवली की ब्रेकच्या तारा सैल पडतात, चाकाचे आरे ढिले होतात, नट हलतात. पंधराव्या दिवशी ती त्याच दुकानात परत न्या आणि सगळं आवळून घ्या. घेतानाच हे बोलून ठेवलं तर बहुतेक दुकानदार पैसे घेत नाहीत. पुढे आठवड्यातून एकदा हवा बघायची. किती भरायची ते टायरच्या अंगावरच छापलेलं असतं. हवा कमी असली की सायकल जड जाते, आणि खड्ड्यात रिमखाली चिमटून ट्यूब फाटते. चेनला दोन-चार थेंब मशीनचं तेल, वरचं फडक्याने पुसून. गोडं तेल लावू नका, धूळ धरून चिकट होतं.

पाच-सहाजणींनी सायकली घेतल्या तर गटाच्या पैशातून एक उभा पंप, एक पाना आणि वॉल्वच्या रबरी नळ्यांचं पाकीट घेऊन ठेवा, आणि सगळ्यांना जवळ पडेल अशा घरी ठेवा. बाभळीचा काटा आज ना उद्या लागणारच. पंक्चर घरी कसं काढायचं ते पुढच्या वेळी सांगू. तोवर घरातली जुनी ट्यूब टाकून देऊ नका, तिचेच तुकडे कापून लावायचे आहेत.